उंटिणीच्या दुधावरचा उन्हाळा

आत्मकथन माणसानं उतारवयात लिहावं, असं म्हणतात. माझं वय छत्तीस आहे. पण गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर लेझर मारलं आणि म्हणाले, "तुमच्या शरीराचं वय तुमच्या वयाहून बरंच पुढे गेलंय." म्हणून जे लिहायचं ते दिसतंय तोवर लिहून ठेवते आहे. या प्रकरणात मी माझ्या मोठ्या बाबांबद्दल, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाबद्दल लिहिणार आहे. शेवटी सगळं विसरून मी त्यांना माफ करीन अशा आशेनं कोणी वाचत असेल, तर त्यानं इथेच थांबलेलं बरं.

मला साखर निघाली तेव्हा मी नववीत होते. त्याआधी आमच्या अकोल्याच्या घरात साखर हा शब्द फक्त डब्यापुरता होता. मला तहान लागायची. शाळेतून आले की माठाजवळच बसायचे आणि गडव्यानं पाणी ओतून घ्यायचे. दोन महिन्यांत फ्रॉकचे खांदे लोंबायला लागले. आई म्हणायची, पोट्टी उंच होऊन राहिली, म्हणून वाळली. बाबा वीज खात्यात लाइनमन होते. खांबावर चढून चढून त्यांचे तळवे जाड झाले होते, आणि दवाखान्यात डॉक्टरांनी "हिला आयुष्यभर इन्सुलिन लागेल" असं सांगितलं तेव्हा ते त्या तळव्यानं नुसता टेबलाचा काठ चोळत राहिले. नर्सनं आईला सुई द्यायला शिकवलं ते संत्र्यावर. "संत्र्याची साल आन माणसाची चामडी सारखीच असते, ताई. घाबरू नका," ती म्हणाली. आईनं बाजारातून किलोभर संत्री आणली आणि दोन दिवस ओट्याशी उभी राहून ती त्यांना पाण्याच्या सुया टोचत होती. नंतर ती पाणीदार संत्री बाबांनी एकट्यानं खाल्ली.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. सुरुवातीचे काही आठवडे किंवा महिने औषधाची गरज आपोआप कमी होते, शरीरात उरलंसुरलं इन्सुलिन थोडे दिवस काम करतं, म्हणून फसू नका, सुई बंद करू नका. आईला ते कळलं होतं. बाबांना कळलं की नाही, मला ठाऊक नाही. तसंच झालं. मार्च संपेपर्यंत माझा डोस निम्म्यावर आला. आणि नेमके त्याच दिवसांत मोठे बाबा अकोल्याला आले.

ते वलगावच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. निवृत्तीनंतर त्यांना व्याख्यानांची सवय लागली होती. गव्हांकुर, तांब्याचं पाणी, अनवाणी चालणं, दरवर्षी नवं काहीतरी. व्यासपीठावर ते पुस्तकी मराठी बोलत आणि घरी आले की आपली वऱ्हाडी. बाबा त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नसत. त्या दिवशी मोठ्या बाबांनी खिशातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढून बाबांच्या हाती दिलं. राजस्थान-कच्छकडचे उंट पाळणारे लोक उंटिणीचं दूध पितात आणि त्यांच्यात साखरेचा आजार दिसत नाही, असं काहीसं त्यात होतं.

"पाह्य, देवानं कसं जमवून आणलं," ते म्हणाले. "आमच्या वलगावाले काठेवाड्याचा डेरा पडला आहे. मेंढ्या बसवल्या वावरात. चार उंटिणी हायेत, एक दुभती हाये. पोरीले सुट्टीत माह्याकडे पाठव."

आई पदर सावरून दाराआडून म्हणाली, "पण भाऊजी, सुई बंद नाही कराची. डॉक्टरनं सांगतलं."

"बंद कोन करून राहिलं? कमी करू, हळूहळू. पोरीच्या जातीले जन्मभर सुया टोचत बसाच्या काय? उद्या कोन करीन तिले?"

कात्रणात काय होतं ते मी नंतर, मोठी झाल्यावर, पुष्कळदा तपासून पाहिलं. मी आज अमरावतीत एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, आणि हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतं. उंटिणीचं दूध वाईट नाही. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या काही लेकरांना ते सोसतं. त्यात इन्सुलिनसारखं काहीतरी असतं असं म्हणतात, आणि सुईसोबत घेतलं तर काहींचा डोस थोडा उतरतो, असंही काही जाणकार सांगतात. सुईसोबत. सुईऐवजी नाही. एवढ्या दोन शब्दांत माझा जीव जायची वेळ आली होती.

परीक्षा झाल्यावर मी वलगावला गेले. मोठी आई, मोठ्या बाबांची बायको, गरीब स्वभावाची होती. तिला लेकरू नव्हतं. माझी पिशवी आत ठेवून तिनं माझ्या इन्सुलिनच्या बाटलीसाठी फ्रिजमधल्या अंड्यांच्या कप्प्यात जागा केली आणि म्हणाली, "हे तुयं घर." सकाळी सहाला मोठे बाबा मला मोटरसायकलवर मागे बसवून त्या काठेवाडी मेंढपाळांच्या डेऱ्यावर नेत. रिकाम्या काळ्या वावरात ढेकळं पायाखाली फुटायची. लांबूनच मेंढ्यांचा कालवा ऐकू यायचा आणि त्याच्यावरून उंटिणीचं ते घशातलं गुरगुरणं, कोणी जड कपाट फरशीवरून ओढावं तसं. जीवीबेन नावाची काळ्या घागऱ्यातली बाई एका पायावर उभी राहून, दुसरा पाय गुडघ्यावर ठेवून, त्या गुडघ्यावर भांडं तोलून दूध काढायची. फेस भांड्याच्या वर यायचा. दूध पातळ, जरासं खारट, जिभेवर मागाहून गवताची चव. मी तिथंच उभ्यानं ग्लासभर प्यायचे आणि मोठे बाबा माझ्याकडे असे बघायचे, जणू मी त्यांच्या शाळेतून बोर्डात आले आहे.

दूध लागू पडतंय असं वाटत होतं, हे मी नाकारणार नाही. साखर मोजायच्या यंत्रावर सकाळचा आकडा एकशे वीस, एकशे दहा. डॉक्टरांनी सांगितलेले ते फसवे दिवसच होते ते, पण श्रेय उंटिणीला मिळालं. मोठ्या बाबांनी डोस आणखी उतरवला. गावातले लोक मला बघायला येऊ लागले. आवारातल्या निंबाखाली खुर्च्या मांडल्या जात. मोठे बाबा मला हाक मारत, "वैशू, बाहेर ये माय," आणि मी जाऊन उभी राहायचे. एक बाई माझा दंड दाबून म्हणाली, "अंगावर मांस आलं, बाप्पा." मे महिना लागला आणि घरात आंबे आले. मोठी आई हातानं रस काढायची आणि दुपारी सरगुंडे उकडायची, काडीवर वळलेले, गव्हाच्या पिठाचे. पहिल्या दिवशी तिनं माझ्या ताटात रस वाढला नाही. मोठ्या बाबांनी स्वतः वाटी भरून माझ्यासमोर ठेवली.

"खाय. आता तुले काही होत नाही."

तीन महिन्यांत मी गोड चाखलं नव्हतं. मी दोन वाट्या खाल्ल्या. मला वाटतं, त्या दुपारी जगात माझं मोठ्या बाबांएवढं प्रेम कोणावरच नव्हतं. पुढच्या रागाचं मूळ बहुधा याच प्रेमात आहे.

दुसऱ्या दिवशी अंड्यांच्या कप्प्यात बाटली नव्हती. "लागत नाही आता," मोठे बाबा म्हणाले. "तपासायचंही काम नाही. रोज रोज बोटं काहून टोचाची?" यंत्र त्यांनी आपल्या कपाटात ठेवलं. अमरावतीत एका सभागृहात त्यांचं व्याख्यान ठरलं होतं, 'मधुमेहमुक्ती आणि उंटिणीचं दूध', आणि त्यासाठी त्यांनी एक पुस्तिकाही छापून घेतली होती. तिच्यात माझं नाव नव्हतं, पण 'माझी पुतणी' असं सात ठिकाणी होतं.

पाच दिवसांनी तहान परत आली. मी रांजणाशी जाऊन उभी राहिले आणि मला अकोल्याचा माठ आठवला. त्याच दिवशी मोठ्या बाबांना पुस्तिका आणायला शहरात जायचं होतं, म्हणून मोठी आई मला डेऱ्यावर घेऊन गेली. जीवीबेन पालाच्या सावलीत भाकरी थापत होती. मोडक्या हिंदीत तिनं विचारलं, मला नक्की काय झालं आहे. मी सांगितलं.

"मेरी सास को भी है," ती म्हणाली. "उधर, कच्छ में. रोज पेट में सुई लेती है. दस बरस हुए."

"पर वो ऊंटनी का दूध नहीं पीती?"

"पीती क्यूं नहीं? सारी उमर पिया. दूध है, अच्छा है. सुई तो सुई है." मग हातातलं पीठ झटकत ती म्हणाली, "मास्टरजी को पहले ही दिन बोला था मैंने. उन्होंने नहीं बताया?"

मोठ्या आईला हिंदी फारशी कळत नव्हती. ती उंटिणीच्या पिलाला हात लावून पाहत होती.

मोठे बाबा आले तेव्हा मी सरळ विचारलं. त्यांनी चप्पल काढता काढता ऐकून घेतलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसले. "अशिक्षित बाई हाये ते. तिच्या सासूले काय हाये, तिले काय समजते?"

"मले माही दवाई द्या, मोठे बाबा. मले बरं नाही वाटून राहिलं."

"फेकली थे. वैशू, ऐक. बुधवारी कार्यक्रम हाये. तो होऊ दे. मंग तू म्हनशीन तसं करू."

तो होऊ दे. हे तीन शब्द त्यांनी किती सहज उच्चारले, ते माझ्या कानात अजून आहे. त्यांना दूध खरंच औषध वाटत होतं की नाही, याचा मी फार विचार केला. सुरुवातीला वाटत असेल. पण त्या संध्याकाळी नाही. त्या संध्याकाळी त्यांनी माझा जीव एका पारड्यात ठेवला आणि बुधवारचं सभागृह दुसऱ्या पारड्यात, आणि त्यांना सभागृह जड लागलं.

ते आंघोळीला गेले तेव्हा मी कपाटातून यंत्र काढलं आणि बोट टोचलं. चारशे बारा. यंत्र मी माझ्या पिशवीत कपड्यांखाली ठेवलं. तो रविवार होता, आणि दर रविवारी आईचा फोन यायचा. फोन आला. मोठ्या बाबांनी मोबाइल माझ्या हाती दिला. तेवढ्यात आतून मोठ्या आईनं गॅसची टाकी बदलायला हाक मारली आणि ते आत गेले. ओसरीवर मी एकटी होते.

"कशी हायेस, बेटा?" आई म्हणाली. "सुई घेऊन राहिली ना?"

त्या क्षणी मी एक वाक्य बोलले असते, तर आई-बाबा त्याच रात्री आले असते. मी म्हणाले, "हो आई. मजेत आहे मी."

मला भीती नव्हती. पंधरा वर्षांच्या मुलीला मरण खरं वाटत नाही, हे एक. आणि दुसरं असं की, मला नुसतं वाचायचं नव्हतं. मी गुपचूप अकोल्याला गेले असते, तर मोठे बाबा बुधवारी व्यासपीठावर उभे राहिलेच असते. 'माझी पुतणी बरी झाली, घरी गेली' म्हणाले असते, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. मला त्या टाळ्या त्यांच्या तोंडावरून काढून घ्यायच्या होत्या. मी तीन दिवस थांबले. तीन दिवस रोज सकाळी दूध प्यायले, हसले, निंबाखाली जाऊन उभी राहिले. मंगळवारी पोट दुखायला लागलं, श्वास आपोआप खोल खोल यायला लागला. मोठी आई म्हणाली, "तुया तोंडाले सडल्या फळासारखा वास येऊन राहिला, माय." मी म्हटलं, आंबे जास्त झाले.

बुधवारी सभागृह भरलं होतं. बहुतेक म्हातारी माणसं, हातात पुस्तिका घेऊन वारा घालत बसलेली. मला नवा गुलाबी पंजाबी ड्रेस घेतला होता. मोठे बाबा तासभर बोलले, शुद्ध आणि सुंदर बोलले. मला खुर्चीचा हात धरून बसावं लागत होतं. शेवटी ते म्हणाले, "आणि आता ज्या बालिकेने आठ दिवसांपासून इन्सुलिनचा एक थेंबही घेतलेला नाही, ती आपल्यासमोर दोन शब्द बोलेल." टेबलावर माझ्यासाठी दुधाचा ग्लास होता. मी तो आधी पूर्ण प्यायले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी ओढणीत गुंडाळलेलं यंत्र बाहेर काढलं.

"मी आता माझी साखर तपासणार आहे," मी माइकमध्ये म्हणाले. "सगळ्यांसमोर."

मोठे बाबा एक पाऊल पुढे आले, पण पहिल्या रांगेतलं कोणीतरी म्हणालं, "हो, हो, तपास बाई," आणि त्यांना थांबावं लागलं. ते हसत थांबले. मी बोट टोचलं. यंत्र पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या हातात दिलं आणि म्हटलं, तुम्ही वाचा.

त्यांनी चष्मा वर केला. "आकडाच नाही यात. एच, आय... हाय."

मागून एक म्हातारे गृहस्थ उठले. "हाय म्हंजे मशीनच्या वर गेली साखर! पाचशे-सहाशेच्या वर. माह्या घरी हेच मशीन हाये."

"यंत्र बिघडलेलं आहे," मोठे बाबा म्हणाले. "उष्णतेमुळे असं होतं."

"मंग माही तपासा," म्हणत ते गृहस्थ काठी टेकत वर आले आणि त्यांनी बोट पुढे केलं. मी नवी सुई लावली. एकशे बहात्तर. "बरोबर हाये मशीन," ते माइकमध्ये म्हणाले. "सकाळी लॅबमंदी एकशे सत्तरच आली."

सभागृहात पुस्तिका हलायच्या थांबल्या. मी मोठ्या बाबांकडे बघूनच बोलले, आणि तोवर माझी शाळेतली मराठी संपली होती. "जिच्या उंटिणीचं दूध मी पेते, तिच्या सासूले साखर हाये. ते रोज सुई घेते. यायले हे पयल्या दिवसापासून माहीत हाये. मी दवाई मांगतली त म्हने फेकली, म्हने कार्यक्रम होऊ दे." पुढचं मला बोलायचं होतं, पण पोट वर आलं. प्यायलेलं सगळं दूध मी व्यासपीठावर, त्यांच्या पांढऱ्या शर्टावर ओकले. शेवटचं आठवतं ते त्यांचं तोंड. ते मी पाहिलं, मग पडले.

अतिदक्षता विभागात मी दोन दिवस बेशुद्ध होते. आणखी काही तास उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. जागी झाले तेव्हा आई उशाशी होती. जन्मभर जिनं मोठ्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिनं बाहेरच्या व्हरांड्यात त्यांना डोकं उघडं ठेवून सांगितलं, "माह्या पोरीच्या खाटंजवळ दिसले त पाय तोडीन." बाबा बाजूला उभे होते आणि त्यांनी तिला अडवलं नाही.

तरी मोठे बाबा आले. चौथ्या दिवशी, आई जेवायला गेली असताना. ते पायाशी उभे राहिले. खिशाला पेनं नव्हती.

"तुले रविवारीच समजलं होतं ना, साखर किती वाढली थे?"

"हो. चारशे बारा होती."

"मंग तुया आईचा फोन आला तवा सांगतलं काहून नाही? मी त आत होतो."

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "तुमाले सगळ्यायसमोर पाडाचं होतं."

त्यांनी खाटेच्या लोखंडी दांडीवर दोनदा हात फिरवला आणि ते निघून गेले.

त्यानंतर त्यांचं व्याख्यान कुठेच झालं नाही. वलगावात पोट्टे त्यांना बघून उंटासारखं गुरगुरायचे, असं बाबा एकदा खाल मानेनं सांगत होते. मी ते पुन्हा सांगायला लावलं. माझ्या लग्नात त्यांना पत्रिका द्यायला बाबा निघाले, तेव्हा मी म्हटलं, ते आले तर मी बोहल्यावर चढणार नाही. पत्रिका गेली नाही. ते वारले तेव्हा मी लॅबमध्ये होते आणि संध्याकाळपर्यंत लॅबमध्येच राहिले.

तेराव्यानंतर काही दिवसांनी मोठी आई माझ्याकडे रक्त तपासायला आली. मी तिच्या दंडाला रबर बांधत होते, तेव्हा ती म्हणाली, "वैशू, एक इचारू? तुया आईनं तवा यायले इचारलं होतं, पोरीनं फोनवर काहून नाही सांगतलं म्हून. त हे म्हनले, मी बाजूलेच उभा होतो, मीच बोलू नाही देलं. हे मरेपर्यंत तेच सांगत होते. पन मी त यायले टाकी लावाले आत बलावलं होतं. हे तिथं नव्हतेच. मंग असं काहून बोलले असतीन?"

म्हणजे आईची जी शिवी माझ्या वाट्याची होती, तीही त्यांनी वीस वर्षं स्वतःकडे ठेवली. लाजेनं, की प्रायश्चित्त म्हणून, की माझ्यावर जीव होता म्हणून, मला माहीत नाही, आणि आता विचारायला माणूस नाही. मला एवढं माहीत आहे की मी ते त्यांच्याकडे मागितलं नव्हतं. मी त्याला उपकार म्हणणार नाही.

"मले नाही माहीत, मोठी आई," मी म्हणाले आणि तिची शीर शोधू लागले.

आई आता सत्तरीला आली आहे. चष्मा लावून ती अजून सगळं वाचते. हे प्रकरण लिहून झालं की आधी तिला देणार आहे. त्या रविवारी ओसरीवर मी एकटी होते, हे तिला माझ्याकडूनच कळायला हवं. त्यानंतर ती मला जे म्हणेल ते मी ऐकून घेईन.